घरटी दोन ड्रम

१४ फेब्रुवारी २०१६, रविवार

आज आमच्या ‘चौदावा दरवाजा’ बँडची तालीम, मिहिरच्या सिडकोतल्या गच्चीवरच्या खोलीत. पुण्याच्या संगीत महोत्सवाला अर्ज करायचाय, त्यासाठी चार गाणी रेकॉर्ड करून झालीत. मिहिरनं ऐकवली. त्याचा आवाज काय लागलाय! माझा मात्र कुठंच ऐकू आला नाही. विचारलं तर म्हणाला, “आहे ना. खाली ठेवलाय. तू म्हणजे पाया आहेस, सावनी. पाया कधी दिसतो का?”

बरं वाटलं. सहा वर्षं मागच्या माईकवर उभी राहते आहे, पण एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आले तर बाबा बिनआंघोळीचे. आज तिसरा दिवस. निवृत्त झाल्यापासून फार आळशी झालेत.

२१ फेब्रुवारी, रविवार

एक गंमत झाली, ती लिहिते.

आमच्या सोसायटीत नळाला पाणी नाही. बीड बायपासच्या खाली, इथल्या सातारा गावाकडं जेवढ्या नव्या इमारती उठल्यात त्यांच्यापर्यंत पाण्याची लाइन अजून पोचलेलीच नाही. एक दिवसाआड टँकर येतो आणि घरटी दोन ड्रम पाणी मिळतं. बिल्डरनं पार्किंगखाली टाकी मात्र अशी बांधून ठेवलीय की तीत एक खोली-किचन सहज बसेल. टँकरचं पाणी तीत ओतलं तर तळसुद्धा भिजणार नाही, म्हणून ती पहिल्यापासून कोरडी. मी ऑफिसात दिवसभर नकाशांवर अशाच टाक्या काढते. एक आयत, त्यात एक बाण, बाजूला लिटर. आतून एकही पाहिली नव्हती.

आज वॉचमन कडुबानं तिची दोन्ही झाकणं काढून ठेवली होती, मांजर पडलंय म्हणून. मी वाकून ओरडले, “दिसतंय का हो काही?”

आणि तो आवाज परत आला. माझाच, पण गोल, मोठा, खालून कुणीतरी हात धरून वर आणल्यासारखा. मी पुन्हा ओरडले. मग एक ओळ म्हटली. मांजर शेपूट फुगवून शिडीवरून वर पळालं.

कडुबा म्हणाला, “ताई, लई भारी वाजतंय की हे. आमच्या देवगाव रंगारीच्या देवळात बी असं वाजत नाय.”

मी झेबाला फोन लावला.

२८ फेब्रुवारी, रविवार

झेबा कॉलेजात आमची ड्रमर होती. दोन वर्षांपूर्वी मिहिरनं तिच्या जागी ठोके देणारं मशीन आणलं, जागा कमी लागते म्हणून. ती आता उर्दू शाळेत विज्ञान शिकवते. तिला वाईट वाटलं असेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं, कारण ती काही बोलली नाही.

आज ती टाकीत उतरली, एकदाच टाळी वाजवली आणि तशीच उभी राहिली. मग वर तोंड करून म्हणाली, “सावनी, ड्रमसेट नक्को. तुमचे ते निळे पाण्याचे ड्रम रिकामेच पडलेत ना? दोन दे.”

तिच्या अब्बांचं औरंगपुऱ्यात टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान आहे. फारूखचाचा. तिथं कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक भरणारं एक जुनं मशीन पडून होतं, कुणीतरी दुरुस्तीला टाकून परत नेलंच नाही. चाचा ते स्वतः घेऊन आले आणि झाकणाशेजारी खुर्ची टाकून बसले. डोक्यावर छत्री. “मशीन को मेरे सिवा कोई हाथ नहीं लगाएगा,” म्हणाले. माईकच्या वायरी तेवढ्या खाली सोडल्या.

मी म्हटलं, चाचा, खरखर फार येतेय.

“आने दो बेटा. आजकल के गाने ऐसे साफ रहते, जैसे अंदर कोई है ही नहीं.”

झेबा म्हणते, याला लो-फाय म्हणतात, जगभर मुद्दाम करतात लोक. ती करतेय अल्बम. मी आपली मदतीला.

१३ मार्च, रविवार

तीन गाणी झाली. शब्द मी लिहिलेत, चालीही माझ्याच आल्या आहेत, कारण झेबाला शाळेच्या परीक्षांमुळं वेळ नाही. गिटारही मीच वाजवते. ठोके तिचे. प्लास्टिकच्या ड्रमवर ती तळहातानं मारते आणि कडेला चप्पल. टाकीत तो आवाज असा घुमतो की पोटात जाणवतो.

आज ‘घरटी दोन ड्रम’ गात होतो:

घरटी दोन ड्रम, तिसरा मागू नको
स्वप्नात नळ आला तर मला जागवू नको

तेवढ्यात वरून कडुबाची हाळी. “टँकऽऽर आला होऽऽ!” संपूर्ण टाकी भरून गेली. मी वैतागून थांबले. गाणं पहिल्यापासून घ्यावं लागणार. चाचांनी वरून मागं घेऊन ऐकवलं. हाळी नेमकी सुरात बसली होती.

झेबा म्हणाली, “ये निकाला तो मैं दोस्ती तोडूंगी.”

ठेवली. सुरुवातीलाच.

कडुबाला सांगितलं. तो पाणी भरून झाल्यावर येऊन बसला, तीनदा ऐकलं आणि म्हणाला, “कव्हरावर पुरं नाव टाकायचं बरं का. वडलांच्या नावासकट.”

घरी गेले, केसांत सिमेंटची भुकटी. बाथरूममधे बादली भरलेली होती. बाबा बहुतेक स्वतःसाठी भरतात आणि विसरून जातात. म्हटलं, तुम्ही करा ना आधी. तर म्हणे, मला थंडी वाजते. मार्चमधे!

२० मार्च, रविवार

सोमवारी मिहिरला मोबाइलवर दोन गाणी ऐकवली. त्यानं एक अर्ध्यात बंद केलं. “हे काय, विहिरीत पडलीस का?” मग दुसरं मात्र पूर्ण ऐकलं, परत ऐकलं. “चाल बरी आहे. रेकॉर्डिंगची वाट लावलीय.”

काल कॉलेजच्या गॅदरिंगला त्यानं ती चाल घेतली. शब्द बदलले, ‘आमचं नवं गाणं’ म्हणून सांगितलं. मुलांनी डोक्यावर घेतलं! मी मागून आलाप दिले. माझी चाल मिहिरला एवढी आवडेल असं स्वप्नातही नव्हतं.

झेबाला आनंदानं फोन केला. कुठली चाल, ते तिनं दोनदा विचारलं. मग म्हणाली, “तू खुश आहेस ना? मग बास.” तिला परीक्षेचं टेन्शन असणार.

३ एप्रिल, रविवार

टाकीला कुलूप.

सोसायटीचे अध्यक्ष अप्पाराव काका. वैजापूरला तहसील कचेरीत होते. आम्ही उतरायला गेलो तर ते झाकणावर पाय ठेवून उभे. “पाण्याची टाकी ही पाण्यासाठी असते. उद्या कुणी म्हणेल, लिफ्टमधे भजन करतो. चालेल का?”

मला पटलं. खरंच, टाकी पाण्यासाठीच असते.

झेबा म्हणाली, “काका, पाणी कुठंय?”

“येणार आहे! कागद पुढं सरकलाय. मी रोज जातोय पाण्याच्या ऑफिसात.”

चाचांनी शांतपणे मशीन पिशवीत भरलं.

७ एप्रिल, गुरुवार

काही लिहावंसं वाटत नाही. लातूरला रेल्वेनं पाणी नेणार आहेत म्हणे. अशा दिवसांत मला एका गाण्यासाठी रडू येतंय. स्वतःचाच राग येतो.

१० एप्रिल, रविवार

सोसायटीची सभा होती. विषय क्रमांक तीन : टाकीतील गाणी.

मी मागं बसले होते. अप्पारावांनी मुद्दा मांडला. तळमजल्यावरच्या शहजादी खाला पहिल्यांदा बोलल्या. “दुपारी लाइट जाती, टीव्ही बंद. मैं तो इनकाच गाना सुनती. खिडकी के नीचे सेच आता. बंद नक्को करो.” दोघं-तिघं हसले, पण कुणी विरोध केला नाही.

मग बाबा उठले. बाबा सभेत कधी बोलत नाहीत. त्यांनी आधी घसा साफ केला.

“टाकी पाण्यासाठी असते, हे अप्पारावांचं म्हणणं बरोबर आहे. पाणी येईल त्या दिवशी ती आतून मी स्वतः झाडून, पुसून देईन. तोवर पोरींना उतरू द्या.”

आणि खाली बसले.

अप्पारावांनी विचारलं, “सदाशिवराव, तुम्हाला या वयात शिडी जमेल का?”

“जमवीन.”

कुलूप निघालं. लाइन येईपर्यंत मुदत. घरी येताना बाबांना म्हटलं, तुम्हाला गाणी आवडतात? म्हणाले, “मला त्यातलं काय कळतं?” पण जिन्यात ‘तिसरा मागू नको’ गुणगुणत होते. शब्द पाठ कसे झाले कोण जाणे.

१ मे, रविवार

सात गाणी झाली. एक राहिलंय, ‘तळ’. सगळ्यांत अवघड तेच. त्याचा शेवट मला सापडत नाही. तीन रविवार झाले, प्रत्येक वेळी शेवटच्या कडव्याशी आवाज बारीक होतो. झेबा म्हणाली, “तू तिथं आल्यावर दोन पावलं मागं का सरकतेस?”

मी सरकत नाही. पण तिनं खडूनं जमिनीवर रेघ मारली. आणि गाणं संपल्यावर मी रेघेच्या मागं होते.

२४ मे, मंगळवार

लाइन आली! बायपासकडून खोदत खोदत आमच्या गेटपर्यंत. अप्पाराव हार घेऊन उभे होते, खोदणाऱ्या मुलांना पेढे वाटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दोन वर्षं रोज खेटे घालत होते बिचारे. रविवारी टाकीत पाणी सोडणार.

म्हणजे आमच्या हातात फक्त रविवारची सकाळ उरली. या अख्ख्या शहरात पाणी उशिरा यावं असं वाटणारी मी एकटीच असेन. बाबा बाथरूमपाशी उभे राहून नळाकडं बघत होते आणि मी मनात म्हणत होते, अजून एक आठवडा थांबलं असतं तर. लाज वाटली.

२९ मे, रविवार

नीट लिहिते.

पाणी दुपारी चारला सोडणार होते. शनिवारीच बाबांनी टाकी झाडली, ओल्या फडक्यानं पुसली, शब्द पाळला. आज सकाळी दहाला आम्ही अनवाणी उतरलो. ‘तळ’ घ्यायचं होतं. पहिली वेळ, तार तुटली. दुसरी वेळ, मी शब्द चुकले. तिसऱ्या वेळी चांगलं चाललं होतं, तर कोपऱ्यातल्या पाइपातून आधी हवेचा फुसकारा आला, मग खोकल्यासारखा आवाज, आणि गढूळ पाण्याची एक चूळ.

कडुबा वरून ओरडला, “ताई, वर या! त्यांनी आत्ताच सोडलं! चाचणी घ्यायलेत!”

झेबानं सगळ्यांत आधी माझ्या गिटारचा प्लग उपटला आणि गिटार, अ‍ॅम्प्लिफायर शिडीवरून कडुबाच्या हातात दिलं. वायर वर गेली. मी शिडीला हात लावला.

“चल,” मी म्हटलं.

ती हलली नाही. पाइपातून आता बोटभर धार लागली होती, स्वच्छ. तिनं दोन्ही ड्रम कोरड्या बाजूला ओढले. “एवढीशीच धार आहे. घोटा भिजायला अर्धा तास लागेल, मी विज्ञान शिकवते. अब्बा! मशीन चालू है क्या?”

“चालू है!” वरून आवाज.

“गिटार नाही,” मी म्हटलं.

“मग नसू दे. गळा आहे ना?”

तिनं ठोका धरला. मी गायला लागले. नुसता गळा, दोन ड्रम आणि समोर पडणारं पाणी. पाण्याचा आवाज भिंतींवरून फिरून येत होता, त्याला स्वतःचाच सूर होता, मी तो धरला. पायांना गार लागलं. शेवटचं कडवं आलं. मागं कोरडं होतं, पुढं पाणी. मी पुढं गेले. का ते माहीत नाही. गार बरं वाटत होतं म्हणून असेल.

खाली उतर, खाली उतर, तळाशी कुणी आहे
तुझ्याच गळ्यानं तुला हाक मारत आहे

‘आहे’वर मी किती वेळ थांबले ठाऊक नाही. तो सूर संपतच नव्हता, टाकीच तो धरून बसली होती. आणि तो विरायच्या आत वर, पार्किंगमधे, सगळी सोसायटी ओरडली. पाणी आलं म्हणून. टाळ्या, शिट्ट्या, शहजादी खालांचं “या अल्ला तेरा शुकर”, पोरांचा गलका. सगळं झाकणातून खाली आलं आणि कॅसेटवर उतरलं.

त्या टाळ्या पाण्यासाठी होत्या. रेकॉर्डवर मात्र आमच्या गाण्यानंतर आहेत.

वर आलो तेव्हा चाचा मशीन बंद करायचं विसरून तसेच बसले होते. छत्री खाली पडली होती.

११ जून, शनिवार

अल्बम इंटरनेटवर टाकला. नाव ‘घरटी दोन ड्रम’. झेबानं कव्हरावर माझं नाव तिच्या आधी घातलंय, मी वाद घातला, ऐकत नाही. कडुबाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. चाचांनी हट्टानं कॅसेटीही काढल्या. मी म्हटलं, चाचा, कॅसेट आता वाजवणार कशावर? “जिसको सुनना है, वो मशीन ढूंढ लेगा.”

टाकीवर मोटर बसायला इतके दिवस गेले, आज घरातल्या नळाला पहिलं पाणी. बाबांनी तास‌भर आंघोळ केली. त्यांच्यात हा बदल कशानं झाला कळत नाही, पण चांगलं आहे.

२१ जून, मंगळवार

कुणी ऐकत नाही. जे ऐकतात ते आमच्या ओळखीचे. पुण्याच्या एका संगीताच्या वेबसाइटनं दोन ओळी लिहिल्यात : ‘चौदावा दरवाजा’ या बँडच्या मागं गाणाऱ्या गायिकेचा फावल्या वेळेतला उद्योग. रेकॉर्डिंग इतकं कच्चं, की एका गाण्याच्या सुरुवातीलाच कुणीतरी टँकर आल्याची वर्दी देतो.

मिहिरनं ते मला पाठवलं, खाली लिहिलं, ‘सांगितलं होतं.’ काळजीनंच पाठवलं असणार.

झेबाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “वर्दी ऐकू आली ना त्याला? म्हणजे ऐकलं त्यानं.”

मला नाही हसू आलं. ऑफिसात दिवसभर रो-हाउसचे नकाशे काढले. जिथं मागच्या वर्षी कांदे होते तिथं आता बावीस घरं.

८ जुलै, शुक्रवार

आज जे पाहिलं ते कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

संध्याकाळी ऑफिसातून येताना आमच्या समोरच्या रो-हाउसच्या कोपऱ्यावर रिक्षातून उतरले. त्या बाजूला लाइन अजून गेलेली नाही. चहाच्या टपरीशी सर्जेरावांचा टँकर उभा होता. हे आमच्याकडं यायचे तेच टँकरवाले. गाडी एवढी जुनी की तिच्यात अजून कॅसेटचा टेप आहे, बाहेर भोंगा. टेप त्यांनी चाचांकडं दुरुस्तीला टाकला होता आणि चाचांनी तपासणीसाठी म्हणून आमची कॅसेट आत घालून दिली होती. सर्जेरावांनी बटण दाबलं.

“टँकऽऽर आला होऽऽ!”

कडुबाची हाळी, टाकीत घुमलेली, भोंग्यातून. अख्ख्या गल्लीची दारं धाडधाड उघडली. बादल्या, हंडे, कॅन, एक बाई तर कढई घेऊन आली. रांग लागली, रांगेत भांडणही लागलं. सर्जेराव घाबरून खाली उतरले. “ओ ताई, ओ मावशी, रिकामा हाय टँकर! गाणं हाय ते!”

“गाणं?” पहिल्या नंबरच्या बाईनं हंडा आपटला. मागाहून कळलं, त्यांचं नाव पारूबाई. “आमी पाण्यासाठी मरायलो आन तू गाणी वाजवायलास?”

मला वाटलं, आता मार बसणार. मी टपरीच्या मागं झाले. टेप चालूच होता. ठोके सुरू झाले, मग माझा आवाज. ‘घरटी दोन ड्रम, तिसरा मागू नको.’ कुणीतरी फिस्सकन हसलं. ‘स्वप्नात नळ आला तर...’ रांगेतलं भांडण थांबलं. पारूबाई हंड्यावर हात ठेवून उभ्या होत्या. सर्जेरावांनी घाईघाईनं बटण दाबून टेप बंद केला.

“आता कशाला बंद केलास?” पारूबाई म्हणाल्या. “पाणी नाय तर नाय. गाणं तरी पुरतं वाजव.”

वाजलं. पुरतं. रिकाम्या हंड्यांवर बसून लोकांनी ऐकलं. मग “परत लाव.” परत लागलं. पोरांनी बादल्या उपड्या करून ठोका धरला, दुसऱ्या वेळी अगदी बरोबर.

एवढ्यात गेटातून कडुबा धावत आला, टोपी हातात. “तो आवाज माझा हाय! पहिला, तो माझा!” कुणाचा विश्वास बसेना, म्हणून त्यानं तिथंच हाळी दिली. मग टपरीमागं मी दिसले. “आन गाणारी ही! आमच्या सावनीताई!”

सगळे माझ्याकडं वळले. पारूबाईंनी मला खालून वर पाहिलं. “तू व्हय गं? आमच्या घरातलं तुला कुणी सांगितलं?”



३१ जुलै, रविवार

सर्जेराव आता हॉर्न वाजवत नाहीत, गाणं लावतात. देवळाईकडचे बाकी टँकरवालेही दुकानात येऊन कॅसेट मागतायत. ज्यांच्याकडं टेप नाही त्यांच्या मोबाइलवर चाचांच्या दुकानातला अबुजर गाणं भरून देतो. झेबाच्या वर्गातली मुलं बाकांवर तोच ठोका वाजवतात आणि तिला ओरडताही येत नाही. इंटरनेटवरचा आकडा झेबा रोज सांगते. मी सांगू नको म्हटलं, उगाच नजर लागायची.

१६ ऑगस्ट, मंगळवार

पुण्याहून महोत्सवाच्या आयोजक बाईंचा फोन. त्यांच्या घरी काम करणाऱ्या मावशी बीडकडच्या, त्यांनी गाणं ऐकवलं म्हणे. “पूर्ण अल्बम ऐकला. शेवटच्या गाण्यातल्या त्या टाळ्या कुठल्या मैफलीतल्या?” मी खरं सांगितलं. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, “तुम्ही ज्यांच्या मागं गाता त्यांचाही अर्ज होता. आम्ही तुम्हाला बोलावतोय. दोघींना.”

१८ ऑगस्ट, गुरुवार

मिहिरचा फोन. किती समजून घेतो तो. म्हणाला, “तू एकटी घाबरशील. त्यांना कळव की ‘चौदावा दरवाजा’ येतोय. तुझी गाणी मी गातो, तू मागून साथ दे. नेहमीसारखं.”

मी खूप विचार केला आणि जे खरं ते सांगितलं. ‘तळ’ची पट्टी त्याला जमणार नाही. वरचा षड्ज फाटेल. पट्टी खाली घेतली तर गाण्याचा जीव जाईल. तेव्हा मलाच गावं लागेल.

त्यानं फोन ठेवला. नेटवर्क गेलं असावं.

झेबाला हे सांगितलं तर ती हसता हसता दुकानातल्या बाकावर आडवी झाली. चाचाही हसले. यात हसण्यासारखं काय? पट्टी नाहीच जमत त्याला.

१ ऑक्टोबर, शनिवार, पुणे

झालं. झालं! झालं!

दुपारी आवाजाची चाचणी होती. तिथल्या साउंडवाल्यानं पुढं एक माईक लावला, मागं एक. मी सवयीनं मागच्याकडं गेले. तो म्हणाला, “मॅडम, मागं कोण आहे?” मी वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं. “कुणी नाही,” मी म्हटलं. “तो काढून टाका.” काढला.

आयोजकांनी चकचकीत ड्रमसेट दिला होता. झेबा म्हणाली नक्को, आणि सर्जेरावांनी भाड्याच्या टेम्पोतून आणलेले आमचे दोन निळे ड्रम मांडले. तिची भीती वेगळीच होती. हळूच म्हणाली, “इथं टाकी नाही गं. घुमणार नाही.” मला तेच वाटत होतं. इथं माझा आवाज धरून ठेवायला कुणी नव्हतं.

कडुबा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पडद्याआडून त्यानं हाळी दिली. पुढचे लोक हसले. आणि अगदी मागून, उभ्या राहिलेल्यांच्या गर्दीतून, कुणीतरी हाळीला हाळी दिली. मग दुसऱ्यानं. मी गायला लागले तर मागची सगळी ओळच गात होती. स्पर्धा परीक्षांसाठी पुण्यात राहिलेली आपल्याकडची पोरं-पोरी होती ती. बीडची, जालन्याची, उस्मानाबादची. घरून कुणीतरी पाठवलेलं गाणं, शब्दन्‌शब्द पाठ. दुसऱ्या कडव्याला पुढचे लोक खुर्च्यांतून वळून मागं बघायला लागले.

‘तळ’ मी एकटीनं म्हटलं. नुसता गळा आणि दोन ड्रम. ‘आहे’वर थांबले आणि थांबूनच राहिले. घुमलं नाही. हॉल गच्च भरला होता, त्यानं तो सूर आत ओढून घेतला. मला वाटलं, फसलं.

मग ते उठले. सगळे. पुढचेही, मागचेही. या वेळी पाणी नव्हतं.

झेबानं ड्रमवरून उडी मारली आणि मला असं आवळलं की बरगडी दुखतेय. चाचा पहिल्या रांगेत रुमालानं चष्मा पुसत होते. बाबा त्यांच्या शेजारी, उभे, दोन्ही हात वर करून टाळ्या. बाबांना एवढ्या मोठ्यानं टाळ्या वाजवता येतात!

३ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसला गेले. शनिवारची रजा पाठदुखी म्हणून घेतली होती. सरांनी विचारलं, “पाठ कशी आहे?”

“चांगली आहे सर. दुखतच नव्हती. पुण्याला गायला गेले होते.”

“तुम्ही गाता?”

“गाते.”

एवढं बोलून जागेवर जाऊन बसले. थोड्या वेळानं सर केबिनमधून बाहेर आले, माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “मग म्हणा की काहीतरी.” बाकीचेही माना वर करून बघायला लागले.

मी उभी राहिले आणि म्हटलं. पूर्ण गाणं, सगळ्या ऑफिससमोर.

आधी मात्र त्यांना नकाशे छापणारा तो घरघरता प्लॉटर बंद करायला लावला.